चंद्राचा शोध

"हरवलाच नव्हता, तं शोध कसा लागला, मास्तर?" मटिल्डाने विचारले आणि पाचूबंदरच्या साक्षरतावर्गातल्या कोळणी हसल्या.

फर्डिनंड मास्तर हसले नाहीत. वर्तमानपत्रातली ती बातमी त्यांनीच वाचून दाखवली होती. साल १९४९, नेपच्यून ग्रहाच्या दुसऱ्या चंद्राचा शोध लागला होता. चंद्र तिथेच होता, आपल्यालाच तो दिसत नव्हता, असे ते सांगू लागले आणि बोलण्याच्या ओघात सिरीसपर्यंत गेले. दीडशे वर्षांपूर्वी सापडलेला तो लघुग्रह थोड्याच आठवड्यांत सूर्याच्या तेजाआड नाहीसा झाला होता. पण एका गणितज्ञाने त्याची वाट कागदावर मांडली, आणि त्याने सांगितलेल्या जागेपाशीच तो पुन्हा दिसला.

वर्ग सुटल्यावर मटिल्डा मागे राहिली. तिचा नवरा पास्कल गेल्या हंगामात होडी घेऊन दर्यात गेला, तो परतला नव्हता. दीर व्हॅलेरियन येत्या सोमवारी त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, मृतांसाठीची प्रार्थना, ठेवणार होता. ती झाली की गाव मटिल्डाला विधवा म्हणणार होते.

"वारा कुठला व्हता, पानी किती व्हतं, मी सांगते," ती म्हणाली. "तुमी तेवढी वाट मांडा."

ग्रहांच्या वाटा ठरलेल्या असतात, पाण्यावरच्या नसतात. सांगायचे एवढेच होते. पण ते सांगणे खरेपणाचे होईल की क्रूरपणाचे, हे मास्तरांना उमगेना. 'बघतो' असे काहीतरी ते पुटपुटले.

संध्याकाळी व्हॅलेरियन मास्तरांच्या दारात उभा राहिला. मास्तरांचा हिशोब होईतो मिस्सा नको, असे वहिनीने त्याला बजावले होते.

"माझ्या भावाला तुमच्या आभालात कशाला नेता, मास्तर?"

मास्तरांनी त्यालाही 'बघतो' म्हणून परत पाठवले. हिशोब काही येईना, तेव्हा अखेर मटिल्डाच फादरांकडे गेली. मिस्सा होऊ द्या, पण त्याला मृत म्हणू नका, शब्द तेवढे बदला, असे तिने विनवले.

सोमवारी वेदीवरून फादर म्हणाले, "ही मिस्सा पास्कलसाठी, जो दर्यात आहे."

चर्चमध्ये व्हायोलिन मास्तरच वाजवत. आता गीत मृतांचे, की प्रवाशांचे? व्हॅलेरियनची मान खाली होती. बायकांच्या बाजूला मटिल्डा ताठ उभी होती. मास्तरांनी गज तारेवर टेकवला आणि एकच सूर लांबवत नेला. गाणारे त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या सुरावर कोणते शब्द म्हणायचे, हे कोणालाच कळत नव्हते.