पाय धुवायचं पाणी

लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं, तरी आमच्या उदगीरकडच्या गावात नव्या जिल्ह्याचा पहिला माणूस आला तो दुष्काळातच. टंचाईची पाहणी करणारे साहेब. परप्रांतातले, मराठीचा गंध नाही. म्हणून शाळामास्तर असलेल्या मला दुभाष्या केलं. साहेबांनी यादीत नाव ठेवलं तरच गावाला टँकर. नाहीतर तीन कोसांवरची विहीर, तीही गाळानं भरलेली.

आणि आमच्या लोकांची अक्कल बघा! पाहुणा आला की पायावर पाणी घालायचं, हा रिवाज. त्यासाठी गावातल्या सिद्धम्मानं दोन दिवस घरोघर तांब्या तांब्या मागून घागर भरली होती. मी नको म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारले. पारावर खुर्चीत बसलेल्या साहेबांच्या पायांवर तिनं ती सगळी रिकामी केली.

साहेब हसले. सोबतच्या इंजिनिअरला इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "काय हा भयंकर दुष्काळ! पाय धुवायला घागर मिळते. टँकर कशाला, यांना पोहायचा तलावच मंजूर करू." आणि आमच्या नावावर काट मारायला पेन टेकवलं.

आमच्याकडं टिंगल करायची तर माणूस आवाज चढवतो, शेजाऱ्याला टाळी देतो. असली गोड टिंगल कुणाला कळणार? लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"गुरुजी, काय म्हणतेत साहेब?" मलप्पा पाटलांनी विचारलं.

"खूश आहेत," मी म्हणालो. भ्यालो होतो, दुसरं काय!

"न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "नांदायला आले तवा सासूबी असंच गोड हसायची." तिनं घागर साहेबांसमोर पालथी धरली. थेंब पडला नाही. "सांगा त्यास्नी, गावातलं सगळं पाणी तुमच्या पायावर हाय. लेकरं तहानली तर पाय पिळून देतेत का?"

"गुरुजी, जरा सांभाळून सांगा," पाटील कुजबुजले.

साहेबांचं बोलणं मी सांभाळून सांगितलं होतं. तिचा मात्र शब्दन् शब्द सांगितला.

साहेबांचं हसू मावळलं. ओल्या पायांकडं त्यांनी पाहिलं. मग काट न मारताच पेन उचलून म्हणाले, "रोज किती पाणी लागेल, विचारा तिला."

मी विचारलं. सिद्धम्मानं घागर काखेला लावली.

"आधी टँकर येऊ द्या म्हणावं. मग पाय परत धुवीन."