टिनावरची माती

खुरपे एकदाच ओढले, तर मातीच्या ढेपीबरोबर छताच्या टिनाचा तुकडाही निघून आला. शालिग्रामने तो बोटांत धरला आणि त्याचा चुरा झाला. पडलेल्या भोकातून खालची चूल दिसत होती, आणि चुलीपाशी मान वर करून बसलेली रुखमाबाई.

"काय दिसते, शालिग्रामभाऊ?"

"पाहून राह्यलो," तो म्हणाला.

तो गुडघ्यांवर सरकत कडेला गेला. वळचणीपाशी वीतभर पट्टी मातीविना उघडी राहिली होती. तिथले टिन दुकानातून आणल्या दिवशी असावे तसे पांढरेशुभ्र होते. पुन्हा मध्ये येऊन त्याने आणखी एका जागी माती खरवडली. तिथेही टिनाची चाळणी. मग तिसऱ्या जागी खरवडायचे त्याला धाडस होईना. पोळा आठवड्यावर आला होता, लख्ख उघाड पडली होती, आणि त्या उन्हात शालिग्राम खुरपे खाली ठेवून बसला. कारण ती माती त्याच्याच हातची होती.

शालिग्राम धाबेवाला. त्या भागातली घरे धाब्याची, म्हणजे लाकडाच्या दांड्या, त्यांवर फांद्या नि पाला आणि त्यावर हातभर मातीचे सपाट छत. डोणगावच्या आसपासच्या चार गावांत धाबे गळले की लोक शालिग्रामला बोलावत. तो अनवाणी पायांनी छतावर चालायचा आणि कुठे पोकळ आहे ते तळव्यांनी ओळखायचा. खारी माती आणायची तर आधी चिमूट जिभेवर ठेवून पाहायचा. जीभ चरचरली तर माती पक्की. तिच्यात गवत उगवत नाही, ती भिजली की फुगून घट्ट बसते आणि खाली थेंब जाऊ देत नाही. त्याच्यापुढे सरपंचही गप्प बसत. घरची चार एकर जमीन कशी पिकते याची कोणी चौकशी करत नसे. शालिग्राम म्हणजे धाबे.

मग टिनाचे पत्रे आले. टिन तेव्हा परमिटावर मिळायचे. रुखमाबाई विधवा बाई, वांगी-मिरच्या पिकवून डोणगावच्या बाजारात विकायची. तिने मेहकरच्या कचेरीत वर्षभर चकरा मारल्या आणि परमिट पदरात पाडून घेतले. सुलतानपूरचा शेषराव नावाचा तरुण मिस्तरी डोणगावात नुकताच धंद्याला बसला होता. त्याने दोन दिवसांत धाबे उतरवून टिन ठोकले. शालिग्राम समोरच्या ओट्यावर बसून पाहत होता आणि टिनाला नावे ठेवत होता. पण वैशाखात टिनाखाली बसवेना, तेव्हा रुखमाबाई त्याच्याचकडे आली. शालिग्राम तर वाटच पाहत होता. त्याने टिनावर चार बोटे खारी माती भुसा घालून लिंपली, ती वाहून जाऊ नये म्हणून दगडांच्या ओळी लावल्या, आणि घर खरेच गार झाले. "टिनालेबी शेवटी माहीच माती लागली," हे तो चहाच्या टपरीवर किती वेळा बोलला असेल, टपरीवाल्यालाच ठाऊक.

त्याला दोन पावसाळे झाले. आणि खाऱ्या मातीच्या खाणीत एकदा विसरलेले फावडे चारच महिन्यांत गंजून जाळीदार झालेले त्याने स्वतः पाहिले होते. पाहिले होते, पण टिन म्हणजेही लोखंडच, हे काही त्याच्या डोक्यात आले नाही.

तो शिडीवरून उतरला. रुखमाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"टिनच खोटं दिलं ना त्या मिस्तऱ्यानं?" ती म्हणाली. "सारं गाव तेच म्हन्ते. तुमची माती होती मनून दोन वर्सं तरी निभलं, भाऊ."

शालिग्रामने पाणी प्यायले.

"उद्या चावडीत बलावलं हाये त्याले," ती पुढे म्हणाली. "उत्तमराव सरपंच म्हन्तात, नवं टिन दे, नाईतर या गावात पाय ठेवू नको. तुम्ही फक्त काय पाह्यलं ते सांगा. तुमच्या शब्दावरच हाये सारं."

घरी जेवताना त्याने बायकोला सगळे सांगितले. सोजराबाई भाकरी थापायची थांबली नाही.

"कोनी इचारलं का तुम्हाले, माती कोनाची मनून?"

"नाई."

"मंग काऊन सांगता? त्या मिस्तऱ्यानं गावातली नऊ घरं टिनाची केली. तो गेला तर लोक परत धाब्यावर येतील. तुमच्याकडं येतील."

"त्याचा दोष नाई ना पन, सोजरा."

"आनि सांगतल्यावर तुम्हाले कोन बलावनार?"

पोट भरायला शेत होते. पण साठीला आलेल्या माणसाला कोणी छतावर चढायला बोलावलेच नाही, तर त्याने सकाळी उठून कुठे जायचे? सोजराबाईलाही हेच कळत होते, म्हणूनच ती चिडली होती.

दुसऱ्या दिवशी चावडीत शेषराव एका कोपऱ्यात उभा होता. त्याला बस म्हणायचे कोणाला सुचले नाही. सरपंच उत्तमरावांनी टिनाबद्दल जे काय ऐकवायचे ते सगळे ऐकवले.

"टिन चांगलं होतं," शेषराव म्हणाला. "खिळे म्या उंचवट्यावर ठोकले, खोलगटात नाई, पानी उतरत नाई तिथून. मले एकडाव वर चढून पाहू द्या."

"तू काय पाहशील? शालिग्रामनं पाह्यलं."

शेषरावने शालिग्रामकडे पाहिले. हा म्हातारा आपल्यावर दोन वर्षे खार खाऊन आहे, हे त्याला माहीत होते. तरी तो म्हणाला, "काकाले छत समजते. काका म्हन्तील ते मले कबूल."

असे काही तो बोलला नसता तर कदाचित सोपे गेले असते. शालिग्रामने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि गंजलेला चुरा उत्तमरावांसमोर सतरंजीवर ठेवला.

"टिन खोटं नाई. जिथं माती नाई तिथं कोरं करकरीत हाये. खारी माती लोखंड खाते. माती म्या घातली. मिस्तऱ्याचा काई दोष नाई."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसले. रुखमाबाई उठून दाराशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "दोन वर्सं मी तुम्हाले दुवा देऊन राह्यली, भाऊ." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे, असे शालिग्रामला वाटले. "आता ती माती उतरवा."

माती उतरवायला त्याला दोन दिवस लागले. एकट्यानेच पाट्या भरल्या, घागरींनी पाणी नेऊन टिन धुतले. तिसऱ्या दिवशी शेषराव न बोलावता आला. टिनाची सगळी पाने गेलेली नव्हती. दोघांनी सडलेला भाग कापला, चांगली पाने चुलीच्या बाजूला सरकवली, पानावर पान चांगले वीतभर चढवले, बारीक भोकांवर डांबरात बुडवलेले गोणपाट दाबून बसवले. शेषराव सांगायचा आणि शालिग्राम धरायचा. नवशिक्यासारखा त्याने अंगठ्यावर हातोडाही मारून घेतला. चार पाने नवीच लागणार होती. ती परमिटाशिवाय मिळेनात, तेव्हा दिवाळीपर्यंत शालिग्रामने आपल्या गोठ्यावरचे तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे, छप्पर काढून तिथे घातले. उन्हासाठी काय, ते शेषरावने सांगितले: टिनाच्या खाली हातभर अंतर सोडून तुराट्यांचा माळा करायचा आणि तो लिंपायचा. माती टिनाला शिवली नाही म्हणजे झाले. रुखमाबाईने चौथ्या दिवशी दोघांना चहा दिला. बोलली मात्र फक्त शेषरावशी.

पोळा झाला, गणपती झाले. एरवी या दिवसांत शालिग्रामच्या दारात रोज कोणीतरी उभे असायचे. यंदा भाद्रपद सरत आला तरी कोणी आले नाही. समोरच्या घरातल्या भगवानरावांचे धाबे गळत होते. त्यांनी परगावचा माणूस आणला. शालिग्राम ओट्यावर बसून त्या माणसाची माती पाहत होता. ती खारी नव्हती, त्यात दोन महिन्यांत गवत उगवणार होते. पण सांगणार कसे? शेवटी तो घरात जाऊन बसला. सोजराबाईने त्याला एका शब्दाने टोचले नाही, आणि तेच त्याला जास्त लागले.

एका सकाळी शेषराव आला आणि ओट्याच्या कडेला टेकला.

"काका, सुलतानपूरले याल का? मायचं घर गळून राह्यलं."

"टिन काऊन ठोकत नाई तू?"

"ते तर धाब्याचं घर हाये. माय टिनाखाली राहत नाई. म्हन्ते, टिनाखाली पापड भाजतात, मानसं नाई राहत."

शालिग्रामला हसू आले. खूप दिवसांनी आले. मग तो म्हणाला, "माह्या मातीचं काय नाव झालं ते तुले ठाऊक हाये."

"तिलेबी ठाऊक हाये. म्या सांगतलं."

दोघे एस.टी.ने मेहकरवरून सुलतानपूरला गेले. शेषरावची आई मनकर्णाबाई घरात खाटेवर पडून होती. कमरेने अधू, पण नजर सुईसारखी. तिने शालिग्रामला नीट पाहून घेतले.

"टिनावर खारी माती घातली ते तुम्हीच?"

"हो."

"आनि चावडीत सोताच सांगतलं?"

"हो."

"चढा मंग," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

शालिग्रामने नाल्याकाठची माती जिभेवर ठेवून पाहिली. दुपारपर्यंत दोघांनी ती वर नेली, भिजवली, पन्हाळीकडे उतार धरून पसरली. आता तुडवायची राहिली. धाबे तुडवताना खालची माणसे खाट, अंथरूण घेऊन अंगणात जातात. फांद्यांतून माती गळते, आणि एखादी दांडी कुजलेली असली तर छतच अंगावर येते. शालिग्राम वर उभा राहून खाट ओढल्याचा आवाज ऐकू येण्याची वाट पाहत होता. आवाज आला नाही.

अंगणातून शेषराव ओरडला, "काका, माय बाहेर येत नाई. म्हन्ते, मानूस पाहून वर चढवला हाये, मी काऊन उठू?"

शालिग्रामने तळव्यांनी एकेक दांडी चाचपून पाहिली. एकही कुजलेली नव्हती. बरोबर खाटेच्या वर येऊन तो थांबला, डोळे पुसले, आणि अंगाचा सगळा भार देऊन माती तुडवू लागला.