चौथा पाय

मिस्त्रींच्या गुडघ्यांनी त्या महिन्यात जेवढी कुरकुर केली, तेवढी त्यांच्या बायकोनं तीस वर्षांच्या संसारात केली नव्हती. आणि बायको काही कमी नव्हती.

सगळ्याच्या मुळाशी त्यांची धाकटी लेक. ज्या नाटक कंपनीचे दरवाजे-खिडक्या मिस्त्री ठोकायचे आणि जिच्यात धाकटी कामं करायची, ती कंपनी बंद पडली. बाप घरी बसला, लेक बसेना. शाळेच्या मुलांचं नाटक बसवायचं तिनं मनावर घेतलं. मोठ्या नाट्यवर्गाची फी ऐकून आईबापांना घेरी यायची, म्हणून इथे पैसे घ्यायचेच नाहीत असं ठरलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी मागची रिकामी खोली दिली, पण अट घालून. एक प्रयोग करून दाखवा, तीस माणसं नीट बसून बघू देत, मग वर्षभर खोली तुमची. नाहीतर गणिताचा शिकवणीवाला टपलेलाच होता.

खोलीत बसायला काही नव्हतं. म्हणून फी अशी ठरली, की मुलामागे घरची एक खुर्ची, प्रयोग होईपर्यंत.

"अगदी फुकट नको, बाबा. फुकटाची किंमत राहत नाही."

"आणि खुर्चीची राहते?"

"घरातून जाते ना, म्हणजे राहते."

पोरगी हुशार, पण माणसं ओळखण्यात कच्ची. खुर्ची धड हवी, हे सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. तीस मुलं आली आणि तीस घरांचे माळे रिकामे झाले. कुणाला पाठ नव्हती, कुणाची बैठक लोंबत होती, तीन पायांच्या तर डझनभर. डॉक्टरांकडची सगळ्यांत मोडकी. बडा घर, पोकळ वासा.

"ही फी म्हणायची की उकिरडा?" बायकोनं विचारलं.

मिस्त्रींनी सरस कालवला. तीन आठवडे ते रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून पाय जोडत होते, पलीकडे मुलं आपली वाक्यं घोकत होती. खुर्च्या उभ्या राहिल्या, आणि पहिला आला इस्त्रीवाला.

"मिस्त्री, खुर्ची जरा नेतो. पाहुणे यायचेत."

"आली तेव्हा तीन पायांची होती. तेव्हा पाहुण्यांना काय उभं ठेवायचास?"

"आता चौथा आलाय ना!"

खुर्ची गेली. फी परत नेल्यावर तोंड कसं दाखवायचं म्हणून त्याची मुलगीही यायची थांबली. ती नाटकातल्या घोड्याचा पुढचा भाग होती. मागचा भाग रोज खोलीत एकटाच हिंडत राहिला. आठवड्यात आठ खुर्च्या गेल्या, आठ मुलं गेली. डॉक्टरांनी तर माणूस पाठवून नेली.

"बाबा," धाकटी भिंतीला टेकून म्हणाली, "शिकवणीवाला आज फळ्यासाठी भिंत मोजत होता."

मिस्त्री रागावले नाहीत. रागवायलाही अंगात त्राण लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या बावीस खुर्च्यांचा एकेक पाय काढला, खडूनं आकडे घातले, पोत्यात भरले आणि पोतं आपल्या खाटेखाली सरकवलं. गेलेल्या आठांची त्यांना काळजी नव्हती. सरस पुरता वाळायला किती दिवस लागतात, हे विचारायला कुणी थांबलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी इस्त्रीवाला खुर्ची बगलेत मारून हजर.

"पाहुणा पडला."

"लागलं का?"

"मेव्हणा होता. चालायचंच. पाय बसवून देता?"

"प्रयोगाच्या दिवशी, इथेच. आणि पोरीला उद्यापासून पाठव. घोडा अर्धा राहिलाय."

हळूहळू आठही खुर्च्या परत आल्या, आठही मुलं परत आली.

प्रयोगाच्या दिवशी मिस्त्रींनी दुपारीच पोतं सोडलं आणि या खेपेला सरसाऐवजी खिळे घेतले. पण आपापल्या खुर्चीशेजारी उभे राहिलेले आईबाप दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला तयार होईनात, आणि जो तो 'आधी माझी' म्हणून मिस्त्रींचा हात धरी. महिन्यापूर्वी जी फेकायला निघाले होते, तिच्यावर आता जीव जडला होता. मोठ्या बाई आल्या तेव्हा तेराच पाय बसले होते. त्यांना हत्यारांच्या पेटीवर बसवलं आणि पडदा उघडला.

मिस्त्री मागच्या रांगेत गुडघ्यांवर. ठक, ठक. लोक वळून बघायला लागले. घाम पुसून त्यांनी हातोडी खाली ठेवली, तर रंगमंचाच्या कडेवरून धाकटी जोरजोरात हात हलवत होती. थांबू नका! घोडा आत आला होता, दोन्ही भाग एकदम, आणि ठकठकीच्या तालावर टापा टाकत होता. खोलीत हशा पिकला. घोडा सारखा येत-जात होता, तेवढ्यात उरलेले सतरा पाय बसले. मग घोडा शेवटचा पळाला, तेव्हा मिस्त्रींनी नुसतीच फरशी ठोकली.

मोठ्या बाईंनी उठून डोकी मोजली. "तीस. खोली तुमची. पेटीवाली धरायची नाही."

घरी निघता निघता इस्त्रीवाला वाकून म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या वेळी फी म्हणून टेबल चालेल का? घरी एक आहे, जरासं डुगडुगतं."

मिस्त्रींना उठता येईना. बायकोनं हात दिला.

"नाटक कसं झालं गं?"

"इथेच होतात ना तुम्ही?"

"होतो. मला नुसते पाय दिसले."