एकतीस बिळांची नोंद

उना बर्जेस यांनी गुरुवारी आपलं यंत्र रेक्सच्या हातात दिलं, ते भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून. चष्म्याच्या डब्याएवढं, मिटलं की कोटाच्या खिशात जाणारं आणि उघडलं की अख्खा की-बोर्ड दाखवणारं. असले हातातले संगणक बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलं होतं.

"स्क्रीन काळा पडलाय," त्या म्हणाल्या. "पण किल्ली दाबली की टुक् वाजतं. म्हणजे आत शुद्धीवर आहे."

"नोंदींची कॉपी आहे ना कुठे, मिसेस बर्जेस?"

"मागच्या वर्षी तू मला कॉपी काढायला सांगितलं होतंस."

"मग?"

"मग मी तुझं ऐकलं नाही."

बर्नी गावाच्या पुढे किनाऱ्याने वीस मिनिटं गेलं की ह्यूएट खाडी लागते. तिच्या टोकाला, झुडपांखाली, छोट्या पेंग्विनांची बिळं होती. मिसेस बर्जेस बारा वर्षं दर रविवारी ती मोजत होत्या: बीळ क्रमांक, मोठे पक्षी, अंडी, पिल्लं, वारा. कागद ओला होतो म्हणून त्यांनी वही सोडून हे यंत्र घेतलं होतं. आता त्याच टोकाला गाड्या उभ्या करायची जागा करावी असा ठराव कौन्सिलपुढे आला होता. तिथे चार-दोन पक्षी असतील, असं कुणीतरी सभेत बोललंही होतं. ठरावावर मंगळवारी मतं पडायची होती. चार-दोन नाहीत हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता. जे होतं ते या फडक्यात होतं.

रेक्स डॅलग्लिश चीजच्या कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळायचा. घरी आला की गॅरेजमधल्या टेबलावर त्याचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. याच जातीच्या यंत्रावर चालेल अशी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम तो नऊ वर्षं लिहीत होता. ती वापरणारे जगात चारजण होते, त्यात तो स्वतः धरून. त्याची बायको ग्लेनिस म्हणायची, "लोकांचे नवरे गॅरेजात होड्या बांधतात. त्या निदान तरंगतात तरी."

या यंत्राची खोड अशी की लिहिलेलं सगळं विजेच्या जिवावर राहतं. बॅटरी सुटली की पाटी कोरी. म्हणून रेक्सने शनिवारी ते उघडताना नोंदी धरून ठेवणाऱ्या आतल्या बोर्डला दोन बारीक तारांनी बाहेरची बॅटरी जोडून ठेवली. बिजागरी मोडली होती, स्क्रीनची पट्टी फाटली होती. दुरुस्तीत अर्थ नव्हता. त्याच्या स्वतःच्या यंत्राचं कवच आणि स्क्रीन चांगले होते. त्याने आपला बोर्ड काढला, मिसेस बर्जेस यांचा बोर्ड आपल्या कवचात बसवला, आणि स्क्रीन उजळला. एक, दोन, तीन... एकतीस बिळं. त्याने श्वास सोडला. आपला बोर्ड त्याने त्यांच्या मोडक्या कवचात तात्पुरता ठेवून दिला. कॉपी काढायला रिकामं मेमरी कार्ड घरात नव्हतं. रविवारी दुपारी आणू, असं ठरलं.

रविवारी जेवताना, भाजलेल्या कोकराचा तुकडा तोंडात असताना, त्याला आपल्या सिस्टिममधली एक जुनी चूक कुठे असेल ते एकदम सुचलं. तो तसाच उठला. टेबलावर दोन यंत्रं होती. त्याने ओळखीच्या कवचाचं, झाकणावर ओरखडा असलेलं, आपलं यंत्र उचललं, आपल्या सिस्टिमचं कार्ड सारलं आणि दिवसातून दहादा दाबायचा तशा दोन किल्ल्या एकदम दाबून ते पुन्हा सुरू केलं. त्याच्या सिस्टिमची ओळ उमटली. मग त्याची नजर शेजारच्या मोडक्या, काळ्या स्क्रीनच्या यंत्राकडे गेली.

कवच त्याचं होतं. बोर्ड त्याचा नव्हता.

त्याने हात मांडीखाली दाबून धरले, कारण ते काहीतरी करू पाहत होते. मग फोन उचलला.

हेमी टाउताही न्यूझीलंडला, इन्व्हरकार्गिलमध्ये शाळेची बस चालवायचा. त्या चारजणांपैकी हा दुसरा. सात वर्षांची ओळख, पण गाठ कधी पडली नव्हती.

"काय रे, चीजवाल्या? रविवारी फोन? कोणी गेलं का?"

रेक्सने सांगितलं.

"बॅटरी काढलीस?"

"नाही."

"परत सुरू केलंस?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही."

"शहाणा आहेस. नेमका वीस मिनिटं उशिरा झालास, एवढंच. तुझी सिस्टिम जागा किती खाते?"

"चारशे किलोबाइट."

"आणि मेमरी सोळा मेगाबाइट. आता नीट आठवून सांग. सुरू होताना ती उरलेली मेमरी पुसते का?"

रेक्सचा चेहरा तापला. "ते... ते लिहायचं राहिलंय."

हेमी इतका हसला की रेक्सला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तीन वर्षं! तीन वर्षं तुझ्या मागे लागलोय, बाबा, आधी पाटी पुस, मग लिही. माझं ऐकलं नाहीस त्याबद्दल तुझे पाय धरायला हवेत!"

म्हणजे नोंदी अजून तिथेच होत्या, फक्त त्यांच्याकडे जायचा रस्ता पुसला गेला होता. केबलवरून सगळी मेमरी मोठ्या संगणकात उतरवायला छोटा प्रोग्रॅम हवा होता. पण तो कार्डावरून आणला तर तो आणखी नोंदींवर बसणार. म्हणून दोघांनी तो फोनवरच कापत कापत यंत्राला थेट समजणाऱ्या अडतीस आकड्यांवर आणला. एवढा तर रेक्सच्या सिस्टिमने आधीच व्यापलेल्या जागेत मावत होता. आकडे रेक्स एकेक करून त्या बारीक किल्ल्यांवर टंकणार होता. हेमी वाचायचा, रेक्स परत म्हणायचा.

सत्ताविसाव्या आकड्याला गॅरेजचं दार वाजलं. मिसेस बर्जेस, हातात स्कोन्सचं, छोट्या गोडसर पावांचं ताट.

रेक्सने फोन टेबलावर ठेवला. सबबी त्याच्या जवळ तीन-चार होत्या. "मिसेस बर्जेस, मी तुमच्या यंत्रावर माझी सिस्टिम चालवली. चुकून. काही नोंदी गेल्या असणार. किती, ते अजून कळलेलं नाही."

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि उलट्या घातलेल्या क्रेटवर बसल्या. त्यांची नजर टेबलावरच्या दोन कवचांवरून फिरली.

"चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली मी," त्या म्हणाल्या. "एका वेळी टेबलावर एकच बाटली. दुसरी उघडायची तर पहिली आधी फळीवर."

"हो, मिसेस बर्जेस."

"हे तुम्हा लोकांना कोणी शिकवत नाही?"

"मी अजून आहे हं इथे," टेबलावरून हेमीचा आवाज आला. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. आता अठ्ठाविसावा घ्यायचा का?"

"हे कोण?"

"हेमी. न्यूझीलंडहून."

"मग बोलत काय बसलायस? घे त्याचा अठ्ठाविसावा," मिसेस बर्जेस म्हणाल्या आणि चष्मा लावून रेक्सच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. पुढचे अकरा आकडे तिघांनी म्हटले. त्यातला एक रेक्सने चुकीचा दाबला, तो त्यांनी पकडला.

केबलवरून मेमरी उतरायला चोवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कोणी स्कोनला हात लावला नाही.

उतरलेला माल म्हणजे नुसता भुगा. पानं कुठल्याही क्रमाने विखुरलेली, मध्ये अर्थ नसलेली अक्षरं. तो कसा जुळवायचा हे रेक्सला ठाऊक नव्हतं, हेमीलाही नाही. ठाऊक होतं ते सेगेडच्या इलोना वार्कोनीला. हंगेरीतल्या या बाईने अकरा वर्षांपूर्वी, दोन हिवाळे खर्चून, हे यंत्र आपली पानं कशी ठेवतं ते एकेक अक्षर तपासून शोधलं होतं आणि सगळं या यंत्राच्या शौकिनांच्या गटाला एका पत्रात फुकट लिहून कळवलं होतं. नंतर ती गटातून निघून गेली. रेक्सने ते पत्र तेव्हा वाचलं होतं, उपयोगाचं आहे म्हणून उतरवूनही घेतलं होतं. आभाराचे दोन शब्द लिहावेत हे मात्र त्याला सुचलं नव्हतं.

त्या पत्राप्रमाणे प्रोग्रॅम लिहून चालवला तेव्हा सोमवारचं जेवण टळलं होतं. रेक्सने कारखान्यात रजा टाकली होती, आणि ग्लेनिसने काही न विचारता सूप गॅरेजात आणून ठेवलं होतं. बारा वर्षांपैकी साडेअकरा परत आली. एका वर्षाचा हिवाळा आणि त्यानंतरचे तीन महिने रेक्सच्या सिस्टिमखाली चिरडले गेले होते.

"तिथे सरासरी टाकू का?" त्याने विचारलं. "मागचं-पुढचं पाहून. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," मिसेस बर्जेस म्हणाल्या. "रिकामं ठेव. आणि का रिकामं आहे ते खाली लिही."

त्याने लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

मंगळवारी सभेत एका सभासदाने नेमकं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे सहा महिने काहीच नाही. मग बाकीचं तरी खरं कशावरून?"

रेक्स मागच्या रांगेतून उठला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. "ते माझ्यामुळे गेलं," तो म्हणाला. "यांना ते सहज भरून काढता आलं असतं. मी तसं सुचवलंही होतं. यांनी भरू दिलं नाही."

सभासदाने कागद पुन्हा उचलला आणि या खेपेस पहिल्या पानापासून वाचायला लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी पडला. गाड्यांची जागा रस्त्याच्या अलीकडे, जुन्या टेनिस कोर्टावर करायचं ठरलं.

बुधवारी मिसेस बर्जेस गॅरेजात आल्या. त्यांच्या नोंदींच्या तीन कॉपी तीन निरनिराळ्या पाकिटांत ठेवून रेक्स वाट पाहत होता. टेबलावर एकच यंत्र होतं. त्यांनी ते पाहिलं.

"त्या हंगेरीच्या बाईचा पत्ता मिळाला?" त्यांनी विचारलं.

"हेमीने शोधून काढला. आता शाळेत गणित शिकवते. पण अकरा वर्षांनी काय लिहायचं? नुसतं आभार म्हणजे..."

"नुसतं कशाला? सरक." त्यांनी क्रेट ओढून घेतला. "लिही. प्रिय मिसेस वार्कोनी, ह्यूएट खाडीत या रविवारी आमची बिळं एकतीस. वस्ती असलेली सव्वीस."

रेक्स टंकू लागला.

"मोठे पक्षी सत्तेचाळीस. पिल्लं एकोणचाळीस. वारा वायव्येचा, मंद." त्या थांबल्या, चष्मा काढून पुसला. "आणि लिही, की हे आम्हाला मोजता येतंय ते तुमच्यामुळे. सत्तेचाळीस नीट दिसतंय ना? बघ एकदा."

त्याने पाहिलं. सत्तेचाळीसच होते.