बायकांत पहिली

मी दंतवैद्य आहे. या धंद्याचा मोठा फायदा असा की समोरचा माणूस वाद घालू शकत नाही. तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी. अशा अवस्थेत तो फार तर "आँ" करतो, आणि तो होकारच असतो असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. त्यामुळे जगातल्या बहुतेक प्रश्नांवर लोकांचं माझ्याशी एकमत आहे.

बायकांच्या वेगळ्या शर्यतींबद्दल तर शंभर टक्के. मी स्वतः पळते. रोज सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, आणि वर्षातून दोन-तीनदा शर्यतीत. सगळ्यांच्या शर्यतीत, दहा किलोमीटर, पुरुषांच्या घामाच्या वासात. "बायकांसाठी वेगळी शर्यत हवी कशाला?" मी दाढ कोरता कोरता विचारायची. "रस्ता तोच, पाय तेच. अंतर अर्धं करायचं, अंगावर गुलाबी शर्ट चढवायचा आणि वर पाठ थोपटायची, की वा, पळलात हो! समानता पूर्ण मागायची आणि तिकीट मात्र अर्धं काढायचं, हे काही खरं नाही." पेशंट म्हणायचा, "आँ." मी म्हणायची, "बघा, तुम्हालाही पटतं."

आता कुठल्याही पेशंटला सांगितलं नाही ते सांगते. त्या सगळ्यांच्या शर्यतीत मी अनेकदा बायकांत पहिली आले आहे. बायकांत. शाळेत सप्तमीचे 'त, ई, आ' घोकताना त्यातला हा 'त' पुढे आयुष्यभर छळणार आहे असं वाटलं नव्हतं. नवरा कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना फोन करायचा, "आमची ही पहिली आली!" मग पलीकडून काहीतरी विचारलं जायचं आणि हा जरा खालच्या आवाजात म्हणायचा, "हो, म्हणजे, बायकांत." शेजारच्या खोलीत मी दातओठ खात बसायची. त्याने दात झिजतात असं पेशंटना बजावणारी मीच.

त्यात पंचेचाळिशी उलटली. मागच्या शर्यतीत बायकांतही चौथी आले. गुडघा सकाळी माझ्यानंतर उठायला लागला. आयुष्यात एकदा मला पहिली यायचं होतं. नुसती पहिली, मागेपुढे काही न लावता. आणि दिवस सरत चालले होते.

अशात एके दिवशी माझ्या खुर्चीत एक निवृत्त क्रीडाशिक्षिका येऊन बसल्या. खालच्या दाढेचं रूट कॅनाल होतं. मी इंजेक्शन दिलं, ओठ बधिर झाला याची खात्री करून घेतली आणि नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. गावात, म्हटलं, बायकांची एक पाच किलोमीटरची शर्यत व्हायची आहे, ती भरवणाऱ्याच्या अकलेची कीव येते. बाईंच्या भुवया वर वर जात होत्या. मला वाटलं, मुद्दे पटताहेत. काम संपल्यावर त्यांनी चूळ भरली, बधिर कोपऱ्यातून अर्धं पाणी हनुवटीवर सांडलं, ते शांतपणे टिपलं आणि म्हणाल्या, "ती शर्यत मीच घेते."

दातखीळ बसते म्हणजे काय होतं ते मी शिकले होते, पण पुस्तकातून.

"तुम्ही या पळायला," त्या तिरक्या तोंडाने म्हणाल्या. "तिथे हीत आहे."

"हित कसलं?" मी परत पेटले. "असं वेगळं काढून बायकांचं हित होत नसतं. उलट..."

"हित नाही हो. हीत! हीत!" त्यांनी दोन्ही हात छातीसमोर आडवे ताणले. "शेवटी धरतात ती!"

फीत. बधिर ओठातून 'फ' निघत नव्हता.

सगळ्यांच्या शर्यतीत फीत पहिला पुरुष तोडतो. मी पोचेपर्यंत ती कुणाच्या तरी पिशवीत गेलेली असते आणि पहिले दहा-वीस जण केळी सोलत असतात. एवढ्या वर्षांत मी फितीला बोटही लावलं नव्हतं. इथे जी बाई पहिली येईल तिच्यासाठी ती अख्खी ताणलेली असणार होती.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"आँ," बाई म्हणाल्या.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. त्या रात्री मी दोन्ही जोड्या आरशात नीट पाहून घेतल्या.

तत्त्व सोडायचं तर निमित्त तरी हवं. ते आमच्याच वरच्या मजल्यावर राहत होतं. धाकटी, म्हणजे माझी जाऊ. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे घरात दात माझ्याकडे आणि डोळे तिच्याकडे अशी वाटणी आहे. गेलं वर्षभर ती भल्या पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती पळत होती. रस्त्यावर का येत नाहीस, असं मी तिला मागेच विचारलं होतं.

"ताई, रस्त्यावर समोरून कुणी पुरुष आला की मी आपोआप बाजूला होते," ती म्हणाली होती. "मागून आला तरी होते. तो जाईपर्यंत थांबतेच. मुद्दाम नाही हो करत, पायच करतात. पळणं राहतं आणि नुसतं सरकणं होतं."

त्यावर मी तिला समानतेचं पूर्ण व्याख्यान दिलं होतं. तिच्या तोंडात कापूस नव्हता, पण मी मोठी जाऊ. तिने "हो ताई" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी परत गच्चीवर गेली.

"बायकांची शर्यत आहे. पळतेस?" मी आता विचारलं.

तिचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. "एकटी?"

"एकटी का? मी आहे ना सोबत. शेवटपर्यंत."

नवरा पेपर वाचत होता. "पण तू तर म्हणायचीस..."

"तिच्यासाठी करतेय," मी म्हणाले. "माझं काय आहे त्यात?"

त्याने पेपर तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता.

शर्यतीच्या दिवशी मी गुलाबी शर्ट घातला. रंग मला शोभतो असं दोघी-तिघी म्हणाल्या, मी वाद घातला नाही. मैदानात सगळ्या वयाच्या बायका होत्या. कचेरीतल्या मैत्रिणी, आई आणि मुली, बाबागाडी घेऊन आलेली एक बाई, आणि अशा कितीतरी की ज्या बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होत्या. मी मात्र अभ्यास करून आले होते. खऱ्या वेगवान मुलींची त्याच दिवशी दुसऱ्या गावी निवड चाचणी होती. ही माहिती मी क्रीडाशिक्षिका बाईंकडून दाढेवर टोपी बसवताना काढून घेतली होती. उरलेल्यांत माझ्या तोडीचं कुणी दिसत नव्हतं.

भोंगा वाजला. पहिल्या वळणापर्यंत मी धाकटीला सोबत केली. मग म्हटलं, "तू ये तुझ्या वेगाने. मी जरा पुढचं बघून येते." आता पुढे बघण्यासारखं काय होतं? मोकळा रस्ता. पण तो बघण्यासारखा होता, खरंच. इतकी वर्षं मी लोकांच्या पाठी बघत पळले. समोर एकही पाठ नसली की रस्ता केवढा रुंद असतो ते मला माहीतच नव्हतं. पुढे फक्त वाट दाखवणारी मोटारसायकल, आणि फुटपाथवरची माणसं माझ्याकडे, चक्क माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. या शर्यतीला मी जे जे बोलले होते ते मला आठवत होतं, आणि मी आनंदाने वेडी झाले होते.

पूल आला तसा मागे पावलांचा आवाज आला.

"ताई, आले हं!" धाकटी होती. "अहो, इथे बाजूला व्हायला कुणीच नाही! मी केवढ्या जोरात पळतेय!"

"छान," मी म्हणाले. त्यापलीकडे बोलायला मला श्वास नव्हता. तिला गप्पा मारायच्या होत्या.

ती माझ्याबरोबर आली, आणि मग अर्धं पाऊल मागे जाऊन तिथेच राहिली. मी वेग वाढवला, तिने वाढवला. पुलाच्या चढावर माझा जीव मेटाकुटीला आला, मी मंदावले, तीही मंदावली. गच्चीवर टाक्यांमधून वळणं घेत पळणारी ही बाई सरळ रस्ता म्हणजे काय ते आज पहिल्यांदाच बघत होती, आणि तरी ती माझ्या खांद्यामागून पुढे येईना. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ती सरकली होती. माझ्यासाठी. बाजूला व्हायला लावणारे पुरुषच असतात असा माझा समज होता. माझ्या व्याख्यानात मोठी जाऊ कुठे आलीच नव्हती.

एखादी थोर बाई इथे लगेच "पुढे हो" म्हणाली असती. मी पुलापासून छापखान्याच्या कोपऱ्यापर्यंत काहीही म्हणाले नाही. मनात म्हटलं, ती तरुण आहे, तिला अजून पुष्कळ शर्यती मिळतील. म्हटलं, तिला इथे आणलं कुणी? म्हटलं, तिला कुठे फितीचं काही आहे? सगळे मुद्दे मला फार पटत होते, कारण उलट बोलणारं कुणी नव्हतं.

छापखान्याचा कोपरा वळल्यावर फीत दिसली. पांढरी, दोन्ही टोकांना दोन मुली धरून उभ्या. आणि त्याच वेळी मला मागची पावलं नीट ऐकू आली. ती अडखळत होती. दमून नाही, माझ्या मागे राहण्यासाठी. दोन टाकायची, एक आवरायचं. स्वतःचाच लगाम स्वतः ओढत होती ती बाई, आणि मी निमूट पुढे पळत होते. ते मला ऐकवेना.

"पुढे हो," मी पुटपुटले. शक्यतो ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"नको ताई. तुम्ही मोठ्या."

"पुढे हो म्हणते ना!" मी ओरडले. शेवटी मोठ्या जावेचा हुकूमच सोडावा लागला, दुसरं हत्यार जवळ नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि गेली. काय गेली! इतका वेळ मी जिला सोबत करत होते ती कुणी वेगळीच बाई होती. तिचे पाय लांब पडत होते, मान ताठ होती, आणि मला परत एकदा समोर पाठ दिसायला लागली. मला तिचा राग आला. तिचा अभिमानही वाटला, पण राग आधी आला.

फितीच्या चार पावलं अलीकडे ती थबकली आणि वळली. "ताई, या ना! दोघी मिळून!"

"दोघी मिळून काही नाही!" भोंग्यातून क्रीडाशिक्षिका बाई कडाडल्या. आज त्यांचे सगळे उच्चार स्पष्ट होते. "ही शर्यत आहे, सहल नाही!"

पण धाकटी माझ्याकडेच बघत उभी. अंतर कमी होत होतं. ती थांबली असती तर मी पोचले असते, आणि पोचल्यावर मी काय केलं असतं ते मला विचारू नका. तोंड उघडं होतं, शब्द निघत नव्हता. मी हात हलवला. तो "जा" होता की "थांब" होता हे मलाही सांगता येणार नाही. धाकटीने त्याचा अर्थ "जा" असा घेतला, आणि मी तो आजवर दुरुस्त केलेला नाही.

ती वळली, दोन्ही हात वर केले आणि फीत छातीवर घेऊन पलीकडे गेली.

"पहिली!" भोंगा ओरडला, आणि मागोमाग तिचं नाव. मग "दुसरी!" आणि माझं. नवऱ्याने तिथूनच फोन लावला. "आमची ही दुसरी आली," तो म्हणत होता. "नाही, नुसती दुसरी. पहिली कोण? अरे, पहिलीही आमचीच!"

मी गुडघ्यांवर हात टेकून उभी होते. धाकटी धावत आली, अजून पळायचंच होतं तिला. फीत तिच्या गळ्यात गुंडाळलेली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता. मी तिला आजवर कधीच इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"ताई, तुमची ती सगळ्यांची शर्यत पुढच्या महिन्यात असते ना? माझं नाव घाला."

"तिथे पुरुष असतात," मी म्हणाले. मी, हे वाक्य.

"असू देत की," ती म्हणाली. "दहा किलोमीटर असते ना ती? ही फार लवकर संपली."

मला रडू आलं. नवरा आला, दीर आला, बाई आल्या, आणि सगळ्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, जावेचं कौतुक वाटलं. त्यातलं निम्मं तरी खरं होतं.