एरिकने पाहिलं होतं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई नागपूरहून फोनवर अजूनही ऐकवते. खोटं नाही. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर; लोकांच्या चुका शोधायचाच मला पगार मिळतो.

शनिवारी मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरबाहेरच्या एका छोट्या विमान-म्युझियमसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या वह्या स्कॅन करते. तिथंच केन भेटला. वय एकशे एक, नजर जवळजवळ गेलेली. रात्री शत्रूची विमानं पाडणाऱ्या दोन माणसांच्या विमानात तो रडारवर असायचा. पडद्यावरच्या ठिपक्यावर डोळे लावून पायलटला, एरिकला सांगायचा, डावीकडे, वर, अजून जवळ. समोरचं विमान कुणाचं, हे फक्त एरिकला दिसायचं. त्याने ओळखायचं, मगच गोळ्या.

"मी कधी बाहेर बघितलंच नाही," केन अभिमानाने सांगायचा. "एरिक म्हणायचा, त्यांचंच आहे. बस्स!"

गेल्या महिन्यात एरिकच्या नातीने त्याची वही पाठवली. एका पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'जळत खाली जाताना पंखावरची खूण दिसली. आपलंच होतं.' झालं! चूक सापडल्यावर मला कुठला दम निघतोय! पान उलटायचंही सुचलं नाही. वही घेऊन तडक केनचं केअर होम गाठलं आणि चहा येईपर्यंत सगळं सांगून मोकळी झाले.

केनने आलेला चहा बाजूला सारला. "एरिकला माहीत होतं? आणि मरेपर्यंत मला म्हणत राहिला, त्यांचंच?" उशाशी एरिकचा फोटो होता. तो त्याने चाचपडत पालथा घातला.

जळलं मेलं माझं शहाणपण! काहीतरी सावरावं म्हणून मी घाईघाईने पान उलटलं.

"अहो, ऐका ना, पुढे लिहिलंय. 'केनला कधीच सांगणार नाही. त्याने फक्त ठिपका दाखवला. गोळ्या मी झाडल्या.'"

ऐंशी वर्षं एका माणसाने जपलेलं मी चहाच्या आधी सांडून टाकलं होतं.

केनने चाचपडत फोटो सरळ केला. "आत किती जण होते?"

"सात."

"वाचलं कुणी?"

एरिकने तेही लिहिलं होतं. 'एकही पॅराशूट उघडलं नाही.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"सगळे वाचले," मी म्हणाले. "सातही पॅराशूट उघडली, एरिकने मोजली."

"तू स्वतः बघितलंस ना, नीट?"

"बघितलं."

केनने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हणाला. मला लाजेने हात काढून घ्यायचा होता, पण त्याने सोडलाच नाही.