प्रोसेसरवरचं कुंकू

सत्त्याण्णव सालची खंडेनवमी. सरावलीला आमच्या ओटीवर माझ्या सुनेचं, प्रेमलाचं, टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिकांपासून कारखान्यांच्या पत्रांपर्यंत सगळं एका कॉम्प्युटरवर. पूजेला तिने कॉम्प्युटरच्या डब्यावर फूल ठेवलं.

मी म्हटलं, "कुंकू देवाला लावतात, देवळाच्या भिंतीला नाय. उघड."

तिने डबा उघडून आतला पंखा काढला. खाली बिस्किटाएवढी करडी फरशी. "आई, हा प्रोसेसर. मशीनचा मेंदू."

तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट मी त्याच्या कोपऱ्यावर टेकवलं. प्रेमला ओरडली, पण मशीन मुकाट चाललं.

दिवाळीनंतर पडदा काळा पडला, म्हणून मशीन पालघरला कृष्णकांतच्या दुकानात दुरुस्तीला दिलं. परत आलं ते म्हाताऱ्या बैलासारखं. एक पत्रिका उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. गिऱ्हाइकं उठून जायला लागली. दुकान बसायची वेळ आली.

आम्ही दोघी जाब विचारायला गेलो. कृष्णकांत चार गिऱ्हाइकांसमोर हसला. "तुमचा प्रोसेसर जळला, मावशी. खाडीत टाकला. माझ्याकडचा जुना बसवलाय, उपकार माना. बायकांनी यात हात घातला की असंच होणार. तुमी आपली पापलेटं साफ करा."

प्रेमला रडवेली झाली. त्याच्या काउंटरवर विकायला मांडलेला नवाकोरा कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळत होता, तो मी पाहून घेतला. सोमवारी बोईसरचा एक साहेब दहा मशीनं घ्यायला येणार, हेही त्याच्याच तोंडून ऐकलं. त्याच दिवशी भांडता आलं असतं. पण मला सोमवार हवा होता.

सोमवारी साहेब खुर्चीत, कृष्णकांत कंबरेत वाकलेला. मी प्रेमलाला घेऊन आत शिरले आणि काउंटरवरच्या त्या मशीनवर हात ठेवला.

"साहेब, याने माझा मेंदू चोरलाय. या डब्यात हाय. त्याच्या कोपऱ्यावर माझ्या बोटाचं कुंकू असंल. नसलं तर मी याचं दुकान झाडीन."

"मावशी, साहेबांसमोर नको..."

"साहेबांसमोरच."

साहेब म्हणाला, "उघडा."

कृष्णकांत स्क्रू-ड्रायव्हर शोधायचं सोंग करू लागला. प्रेमलानेच पंखा काढला. कोपऱ्यात लाल बोट. त्या शहाण्याला तो कंपनीचा शिक्का वाटला असावा!

प्रेमलाने बाजूची दांडी उचलून प्रोसेसर अलगद काढला. साहेब मशीनं न घेताच निघून गेला.

"मावशी, माझा जुना तरी परत आणून द्या. हे मशीन बंद पडलं."

"तुजा? तो जळला रे. खाडीत टाकला."

घरी प्रेमलाने आमचा प्रोसेसर जागेवर बसवला. पत्रिका चुटकीसरशी उघडली. त्याचा जुना माझ्या करंड्यात पडलाय.

प्रेमला म्हणते, "आई, देऊन टाका आता."

देईन की. आधी त्याने माझ्या दारात येऊन पापलेटं साफ करावीत.